पोटातला वाटा

निवडणूक आली की आमच्या घरातली बंदूक पोलीस ठाण्यात जमा व्हायची आणि निकाल लागला की परत यायची. मधले दिवस मला घर मोठं वाटायचं. तोंडावर मी नवऱ्याला 'अहो' म्हणते, पण इथे नुसतं 'नवरा' असंच लिहिणार आहे. बंदुकीच्या बाबतीत तो मला कधी 'अहो' वाटलाच नाही, हट्टी पोर वाटला.

बंदूक सासऱ्यांची. ठासणीची, एका नळीची, पिकाच्या राखणीसाठी परवाना मिळालेली. सासऱ्यांची वाडी आमच्या इकडच्या माहीमला, समुद्राच्या अंगाला. तिथे नारळ आणि केळी, आणि राखण करायची ती फक्त चोरांपासून. पण हायवेच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याशी आमचा एक भाताचा तुकडा आहे. तिथे लोंब्यांत दूध भरलं की रानडुकरं उतरतात आणि एका रात्रीत शेताचा चिखल करून जातात. नवरा बोईसरला कंपनीत फिटर होता. आम्ही तिथे फ्लॅट घेतला तेव्हा देव्हारा नंतर आला, बंदूक आधी आली. बोईसरच्या हवेत कंपनीचा वास कुठला आणि घरातला कुठला हे नवख्याला कळत नाही. मला मात्र ठासणीच्या दारूचा वास जिन्यातून कळायचा. आला वाटतं डुकराचा काळ, असं मी मोठ्याने म्हणायची, म्हणजे शेजारणीलाही ऐकू जावं.

कायद्याने डुक्करसुद्धा असं ऊठसूट मारता येत नाही. हे त्याला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि पातेलं घासताना मी ते त्याला दर वेळी ऐकवायची. तो ऐकून घ्यायचा. त्याला खरी हौस मारण्याची नव्हतीच, वाट्यांची होती. डुक्कर पडलं की पाड्यावरच्या अंगणात सागाची पानं मांडायची आणि त्यांवर वाटे घालायचे. बार ज्याचा त्याला डोकं. डुक्कर उठवायला रानात हाका घालणाऱ्या प्रत्येकाला एक वाटा. कुत्र्यांचा एक. ज्याच्या शेतात नुकसान झालं त्याचा एक. गरोदर बाई असेल तर तिचा एक आणि तिच्या पोटातल्याचा वेगळा. पायवाटेने सहज चाललेला माणूस त्या वेळी तिथे आला तरी त्यालाही पान मिळायचं. ज्याचा वाटा त्याला पोचलाच पाहिजे, दुसऱ्याचा वाटा अडवला की बंदूक आंधळी होते, असं तिथले लोक मानतात आणि माझा नवराही मानतो. एकदा कुणा म्हातारीचा वाटा चुकून आमच्या पिशवीत आला. तो जेवता जेवता उठला, हात धुतला आणि गाडी काढून पुन्हा डोंगराखाली जाऊन देऊन आला.

माझं मत वेगळं होतं. मी म्हणायची, वाटे म्हणजे पाप पातळ करायची युक्ती आहे. सगळ्यांनी खाल्लं की कुणी तोंड उघडत नाही.

"असंल," तो म्हणायचा. "पण कोणी उपाशी पण राहत नाय."

त्या भाताच्या तुकड्याला लागून एका कुटुंबाचं छोटंसं शेत आहे. नवरा, बायको, म्हातारा सासरा आणि एक पोरगी. पावसाळ्यात स्वतःचं शेत आणि आमचंही तेच कसायचे. दिवाळी झाली की वीटभट्टीवर जायचे. पोरगी चार वर्षांची असेल. मी बोईसरहून येते म्हणून ती मलाच 'बोईसर' म्हणायची. मला लांबून पाहिलं की ओरडायची, बोईसर आलं! मी ओट्यावर चपला काढल्या की त्यांत पाय घालून अंगणभर फटक फटक करत हिंडायची. मी रागावले की चपला तिथेच टाकून आईच्या लुगड्यामागे जायची. मला स्वतःला मूलबाळ नाही. तिचा मला लळा होता, एवढं लिहिलं तरी पुरे.

दसरा होऊन गेला होता. गवत कापायचे दिवस. पोरीची आई माळावर गवत कापत होती आणि पोर बांधून ठेवलेल्या भाऱ्यांजवळ खेळत होती. ऊन उतरलं होतं, पण दिवस मावळला नव्हता. आईने काही ऐकलं नाही. ओरडणं नाही, पाचोळा वाजला नाही. मागे वळून पाहिलं तर भारे होते, पोर नव्हती.

दुसऱ्या दिवशी ओहोळात जे सापडलं ते एका टॉवेलात मावलं. मी ते पाहिलं नाही. नवऱ्याने पाहिलं, आणि त्याने मला कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. शेताच्या कडेला खड्डा करून पुरलं. खड्डा केवढासा होता ते मी पाहिलं, त्यावरून मला कळलं.

तिकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात. वाघ की बिबट्या यावर बोईसरला आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर बरीच चर्चा झाली. मग कुणीतरी लिहिलं की जंगल त्यांचं आहे, आपण त्यांच्या घरात घुसलो आहोत. त्यावर हात जोडलेली चित्रं आली. लिहिणारा चौथ्या मजल्यावर राहतो, त्याच्या खिडकीला जाळी आहे आणि खाली वॉचमन आहे. मी फोन उशीखाली सरकवला. नवऱ्याचे कंपनीतले जुने सोबती दुसऱ्या टोकाचे. ते चहाच्या टपरीवर त्याच्या पाठीत थाप मारून म्हणायचे, "अरे यार, तेरे पास बंदूक है, उड़ा दे साले को." त्यांना वाटायचं, उंदीर मारायचा आहे.

वनखात्याने पिंजरा लावला, आत बकरी बांधली. बकरी चारा खायची आणि ओरडायची. वाघ काही आला नाही. मध्ये वाघबारस आली. दरवर्षी त्या दिवशी पाड्याचे लोक वेशीवरच्या वाघोबाला नारळ फोडतात. यंदा कोण जाईल, असं मला वाटलं होतं. पोरीचा आजा गेला. मी तिथेच होते, माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "बाबा, तुमची नात खाल्ली त्याने, आणि तुम्ही त्याला नारळ देता?"

म्हातारा म्हणाला, "देव येगळा, जनावर येगळं, बाय. देवाला द्याचं ते देवाला दिलं. जनावराचं आता बगू."

ते बघायला दोन दिवसांनी म्हातारा आणि पोरीची आई बोईसरला आमच्या घरी आले. ती यापूर्वी कधी आमच्याकडे आली नव्हती. सोफ्यावर बसली नाही, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसली. मी चहा दिला, तो तिने तसाच समोर ठेवला. म्हातारा माझ्या नवऱ्याला म्हणाला, "भाऊ, तुमची बंदूक हाय. तुमी या."

 मग पोरीची आई बोलली. मला वाटलं होतं ती सुडाचं काही बोलेल. ती म्हणाली, "पोर सगली मिळाली नाय, भाऊ. अर्दी पुरली. बाकीची त्याच्यात हाय. तो पिंजऱ्यात गेला तं ते त्याला नेतील. कुटं नेतील काय म्हायत. तो हितंच पडला पायजे. मंग मी तिला सगली पुरीन."

तिला एवढंच हवं होतं. पुढे जे झालं ते सगळं या एका मागण्यावरून झालं. म्हणून तिचे शब्द मी होते तसे लिहिले आहेत.

नवऱ्याने मान हलवली, नाही म्हणून. म्हणाला, "डुक्कर पिकावर येतो, मी पिकावर उभा असतो. त्याचं माझं समोरासमोर. हे तसं नाय. रानात जाऊन शोधायचा, आणि तोच कशावरून? मी तुरुंगाला भितो असं समज पाहिजे तर. पण माझ्याने नाय होणार."

ते दोघं गेले. त्या दिवशी मी त्याला तोंडाला येईल ते बोलले. इतकी वर्षं काय नुसती डुकरं मारायलाच पुरुष होतास का, असं एकेरीवर आले. त्याने स्वतःच ताट घेतलं, वाढून घेतलं आणि जेवला. तो जेवू शकला याचासुद्धा मला राग आला. मला तो वाघ मेलेला हवा होता. मुकं जनावर, त्याला काय कळतं, हे सगळं मला ठाऊक आहे; मी शाळेत निबंधात ते लिहिलेलंही आहे. तरी मला तो मेलेला हवा होता आणि माझ्या नवऱ्याच्या हातून हवा होता.

पोरीच्या बापाने मग त्याचं त्याने काय ते केलं. डुकरांसाठी बांधावर तारेचा फासा लावतात, तसा त्याने ओहोळाच्या वाटेवर लावला. गॅरेजमधली जुनी क्लचवायर, एक टोक ऐनाच्या झाडाला. डुकरासाठी लावला असं तो आजही सांगतो.

सकाळी फोन आला की फाशात वाघ अडकलाय. नवऱ्याने बंदूक चादरीत गुंडाळली. मी म्हटलं, "आता कशाला? तुमच्याने तर होणार नव्हतं ना?" तो म्हणाला, तार तुटली तर तो गर्दीतल्या कुणाला तरी फाडील, म्हणून जवळ असलेली बरी. मोटरसायकलवर मी मागे बसले, बंदूक आमच्या दोघांच्या मध्ये.  आम्ही वेळेवर पोचलो नाही आणि लोकांनीच मारून टाकला तर बरं, असं मनोरच्या रस्त्यापर्यंत माझ्या मनात चाललं होतं.

पाड्याखाली जत्रा भरली होती. कुठून कुठून माणसं आली होती, सगळ्यांचे फोन वर. वनखात्याचा एक गार्ड होता, पन्नाशीचा, हातात काठी आणि गळ्यात शिट्टी. एकटा माणूस किती जणांना मागे सारणार? तो या बाजूचे मागे सारायचा तोवर त्या बाजूचे पुढे यायचे आणि दगड मारायचे.

मी गर्दीतून वाट काढत पुढे गेले. मला वाटलं होतं, तो मोठा असेल. इतके दिवस माझ्या डोक्यात तो फार मोठा होता. प्रत्यक्षात तो मोठ्या कुत्र्याहून थोडा मोठा, अंगाने लांबट, आणि चिखलाने माखलेला. तार कमरेत बसली होती, मागच्या पायांच्या पुढे. त्याने झाडाभोवती फेरे घेऊन घेऊन तार आवळून घेतली होती आणि जमीन उकरून गोल खळगा केला होता. ओढून ओढून पोटाशी कातडं कापलं गेलं होतं आणि आतलं बाहेर येऊ लागलं होतं, माती लागलेलं. माझा राग एवढा मोठा आणि तो एवढा लहान. डरकाळी वगैरे काही नव्हती. करवतीने लाकूड कापावं तसा श्वास चालला होता. दगड लागला की दात दाखवायचा, मग पुन्हा तो श्वास.

 मी बाजूला जाऊन बसले.

गार्ड सांगत होता की टीम निघाली आहे, भुलीचं इंजेक्शन घेऊन डॉक्टर येताहेत, पण वैतरणेच्या पुलाच्या अलीकडे ट्रक उलटलाय, गाड्या अडकल्या आहेत. तो हे सारखं सारखं सांगत होता, लोकांना कमी आणि स्वतःला जास्त. नवरा त्याच्याजवळ गेला. म्हणाला, "साहेब, याला संपवू द्या. डॉक्टर येऊन काय करणार? आतडं बाहेर आलंय."

गार्ड म्हणाला, "भाऊ, मलाही दिसतंय. पण तुम्ही बार काढलात तर तो गुन्हा. आणि तो असाच मेला तर तो नुसता मृत्यू."

हे बोलताना त्याने माझ्या नवऱ्याकडे पाहिलं नाही. वाईट माणूस नव्हता तो. नवऱ्याने बंदूक खांद्याला लावलीच नव्हती, ती त्याने पुन्हा चादरीत घेतली आणि झाडाखाली उभा राहिला. सुडासाठी तो मारणार नव्हता, आणि दयेसाठी मारायला कायदा सोडत नव्हता. मी तिथे बसल्या बसल्या पहिल्यांदाच त्याच्या बाजूने विचार केला. हा माणूस इतकी वर्षं या रानात फिरला, आणि आज नुसता उभा राहतो आहे. त्याची मला कीव आली.

तेवढ्यात गार्डने फोनवर बोलून मोठ्याने सांगितलं, "रस्ता मोकळा झाला. गाडी येतेय. त्याला इथून घेऊन जातील, आता कुणी पुढे येऊ नका."

घेऊन जातील हे ऐकलं तशी पोरीची आई उठली. ती इतका वेळ कुठे होती ते मला कळलंच नव्हतं. बांधावर, सगळ्यांच्या मागे बसलेली होती. ती सरळ चालत माझ्या नवऱ्यापुढे आली. रडत नव्हती, ओरडत नव्हती. शेतावरचं काम सांगावं तशी म्हणाली, "भाऊ, त्याला नेऊ देऊ नका. माजा वाटा त्याच्या पोटात हाय."

बाहेरून आलेल्यांना काही कळलं नाही. पाड्याच्या लोकांनी मात्र हातातले दगड खाली टाकले. म्हातारा काठीवर टेकून म्हणाला, "खरं हाय. वाटा तिचाच हाय."

मी बारावीपर्यंत सायन्स शिकले आहे. पोर गेल्याला किती दिवस झाले होते ते मला माहीत होतं. त्याच्या पोटात आता तिचं काही नसणार, आणि तो हाच वाघ हे तरी कोण सांगणार? मी उठले ते हे बोलायलाच उठले. तिच्याकडे पाहिलं आणि ते बोलायचं राहून गेलं. मग नवऱ्याकडे पाहिलं. तो माझ्याकडेच पाहत होता, आणि ती नजर माझ्या ओळखीची होती. त्या म्हातारीचा वाटा आमच्या पिशवीत निघाला तेव्हा जेवणावरून उठताना त्याने असंच पाहिलं होतं. मी नको म्हटलं असतं तर तो थांबला असता का, हे मी त्याला नंतर विचारलं. तो म्हणाला, तू नको म्हणाली नाहीस.

ठासणीची बंदूक भरायला वेळ लागतो. दारू ओतायची, चिंधी ठासायची, गोळी सोडायची, पुन्हा ठासायचं, घोड्याखाली केप बसवायची. हे सगळं त्याने गर्दीच्या देखत केलं, घाई न करता. गार्डने येऊन त्याचा दंड धरला. "भाऊ, नका. एवढ्यात गाडी येईल. नका."

नवरा म्हणाला, "साहेब, तुमचं काम तुमी करा. मी कुठं पळून नाय जाणार."

त्याने दंड सोडवून घेतला. गार्ड एकदा शिट्टी फुंकायला गेला आणि त्याने ती तोंडातून काढली. लोकांनी फोन आणखी वर धरले. नवरा जितका जवळ जाता येईल तितका गेला. बार झाला, धूर झाला, आणि तो करवतीचा आवाज थांबला. मागचे पाय मात्र बराच वेळ माती उकरत राहिले, कुठेतरी जायचं असल्यासारखे. मी ते संपेपर्यंत पाहिलं. मला हवा होता तो बार मिळाला होता, आणि मला अजिबात बरं वाटलं नाही.

ती जाऊन त्याच्याजवळ बसली. त्याच्या पोटावर, जखमेच्या वरच्या अंगाला, तिने हात ठेवला. दिवस गेलेल्या बाईच्या पोटावर मोठ्या बायका ठेवतात तसा, सगळी बोटं पसरून, हलक्या हाताने. कुणी तिला उठवलं नाही.

गाडी थोड्याच वेळात आली. इतक्या थोड्या वेळात आली की आजही आमचा वकील तेवढ्यावरच डोकं धरतो. डॉक्टर आले, साहेब आले, पोलीस आले. ती म्हणाली, हितंच उगडा. त्यांनी समजावलं की तसं करता येत नाही, तपासणी तिकडेच होते आणि मग सगळं जाळतात. नख नाही, मिशी नाही, काही कुणाला देता येत नाही. ती एकच बोलत राहिली, हितंच उगडा. शेवटी दोन पोलीस बायकांनी तिला दोन्ही काखांत धरून उचललं. तिचा तळहात लाल झाला होता. गाडी निघाली तेव्हा ती डांबरी रस्त्यापर्यंत मागे पळाली.

नवऱ्याला नेलं. जामीन झाला, केस उभी राहिली, बंदूक गेली. वकील म्हणाला, जनावर अंगावर आलं म्हणून बार काढला असं सांगा, सुटायला तेवढीच फट आहे. नवरा म्हणाला, "अंगावर कुठं आलं? बांधलेलं होतं. मी शिकार केली नाय, वाटा काढून दिला." वकिलाने माझ्याकडे पाहिलं, म्हणजे काय? मी शक्य तितकं समजावलं. त्याने ऐकून घेतलं आणि सांगितलं, हा शब्द कोर्टात काढू नका. सोसायटीच्या ग्रुपवर तो व्हिडिओ फिरला. चौथ्या मजल्यावरचा आता लिफ्टमध्ये माझ्याकडे पाहत नाही. चहाच्या टपरीवरचे सोबती नवऱ्याला 'शेर' म्हणतात आणि तो टपरीवर जायचा बंद झाला आहे.

लोक मला विचारतात, त्याने बरोबर केलं की चूक? मला खरंच सांगता येत नाही. त्याला मारलं नसतं तर तो तळमळत मेला असता, हे खरं. गाडी एवढ्यात येणार होती, हेही खरं. तोच होता की दुसराच कुणी, हे कुणालाच माहीत नाही. मला एवढंच कळतं की त्या दिवशी तिथे ज्याला त्याला त्या जनावराकडून काहीतरी हवं होतं, मलासुद्धा, आणि त्यांतल्या एकटीचं मागणं असं होतं की ज्याची मला लाज वाटत नाही.

पहिल्याच तारखेला तो गार्ड कोर्टाच्या आवारात भेटला. त्याची साक्ष आमच्याविरुद्ध आहे, तरी येऊन बाजूला उभा राहिला. मी विचारलं, पोटात काय निघालं? म्हणाला, "कुत्र्याचे केस आणि खेकड्याची कवचं. बाकी काही नाही, ताई. इतक्या दिवसांनी असायचं कारणही नव्हतं." निघता निघता म्हणाला, "वयाने कोवळाच होता."

हे तिला सांगायचं माझ्यावर आलं. नवरा म्हणाला, मी जातो. मी म्हटलं, तुम्ही पाड्याकडे फिरकायचं नाही अशी जामिनाची अट आहे, तुम्ही घरी बसा. खरं म्हणजे मी खोटं सांगायला निघाले होते. टमटममध्ये मी ते जुळवत होते: मिळालं, रीतसर मिळालं, तुझ्या लेकीला त्यांनी वेगळं करून अग्नी दिला, राख नदीत सोडली. चांगलं खोटं होतं. मला खोटं बोलायला जड जात नाही, बोईसरच्या बाजारात भाजीवाल्याशी रोज बोलते.

मी पोचले तेव्हा भट्टीचा टेम्पो येऊन उभा होता. पाड्यावरची घरं बांधाबांध करत होती. हंडे, गोधड्या, कोंबड्यांची टोपली. तिचा नवरा सामान चढवत होता, म्हातारा आधीच वर बसला होता. ती दारात उभी होती. मला पाहून म्हणाली, "काय मिळालं काय, बाय?"

इतकं सरळ विचारलं की जुळवलेलं सगळं मोडलं. मी म्हटलं, "नाही गं. काही नाही मिळालं. कुत्र्याचे केस होते."

तिने डोळ्याला पदर लावला नाही. ती नुसती विचार करत उभी राहिली, हिशेब चुकला की माणूस राहतो तशी. मग म्हणाली, "मंग ती अजून रानातच हाय."

"तसं नाही गं..." मी म्हटलं.

टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला. तिचा नवरा वरून ओरडला, चल. ती आत गेली. मला वाटलं गाठोडं आणायला गेली. ती कोयता घेऊन बाहेर आली आणि टेम्पोच्या उलट्या बाजूला, ओहोळाच्या वाटेने चालू लागली. नवऱ्याने दोन हाका मारल्या. तो उतरला नाही. उतरला असता तर भट्टीचं काम गेलं असतं. टेम्पो हलला. म्हातारा तिच्याकडे पाहत होता आणि टेम्पो वळेपर्यंत पाहत राहिला.

मी तिच्या मागे धावले. ऊन उतरलं होतं, माळ पिवळा झाला होता. मी तिचा हात धरला. म्हटलं, "अगं, ही काय वेळ आहे का जायची? तिकडे दुसरा असेल. उद्या सकाळी जा, मीही येते तुझ्याबरोबर."

तिने माझा हात सोडवला. रागाने नाही. मला काही कळत नाही, हे तिला कळलं असावं, आणि तिने मला समजावून सांगितलं.

"सकाळी नाय, बाय," ती म्हणाली. "सकाळी ती निजलेली असते."

आणि पोरीला हाका मारत ती ओहोळात उतरली.